वाचनालयाची ईमेल यादी एआयकडून साफ करून घ्यावी का?

रेवा_ठाणे
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाचं ई-बातमीपत्र मी बघते. महिन्यातून एकदा जातं. नवीन पुस्तकं, व्याख्यानं, वर्गणीची आठवण एवढंच. यादीत साधारण साडेसहा हजार पत्ते आहेत आणि तिची अवस्था माळ्यावरच्या ट्रंकेसारखी झाली आहे. काही नावं देवनागरीत, काही रोमनमध्ये, काहींत आडनाव आधी, काहींना श्री., सौ., ॲड. चिकटलेलं. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी तीनदा. जीमेलच्या स्पेलिंगमध्ये ए आणि आयची अदलाबदल झालेले पत्ते ढिगाने. शिवाय 'शेरा' नावाचा एक रकाना आहे, त्यात गेल्या पंधरा वर्षांत ज्याला जे सुचलं ते लिहिलंय.

आमचे कार्यवाह म्हणतात, "अगं, ती फाइल चॅटजीपीटीला दे, पाच मिनिटांत चकाचक करून देईल." मला हे पटत नाही, पण हाताने करायला माणसंही नाहीत. अख्खी फाइल द्यावी का? नसेल द्यायची, तर एआयचा उपयोग करायचा तरी कसा? रविवारी समितीची बैठक आहे, तिथे ठोस काहीतरी सांगायचंय.

उनाड बोका
पाच मिनिटांत चकाचक होईलच. यादीही आणि सभासदही. (हलके घ्या.)

चौकस
मला हा बाऊ वाटतो. ते साडेसहा हजार पत्ते गूगलकडे आधीच आहेत. किराणा दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, मॉलमधला लकी ड्रॉ, सगळ्यांकडे आपला ईमेल आणि मोबाइल असतो. वाचनालयाच्या यादीत असं काय गुपित आहे? टाका फाइल आणि मोकळे व्हा.

रेवा_ठाणे
@चौकस, शेऱ्याच्या रकान्यातले मासले देते (नावं अर्थातच नाहीत): "पाय मोडला, पुस्तकं घरपोच". "वर्गणी दोन वर्षं थकली, मागू नये, मुलाची नोकरी गेली". "वेगळे राहतात, पत्र हिच्या माहेरी". "केमो चालू, फोन करू नये".

चौकस
बाप रे. मग बाऊ नाही. माघार.

वकीलकाका
चौकसराव, माघार घेतलीत तरी उत्तर देतोच. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात. म्हणजे तयारीला वेळ आहे, दुर्लक्षाला नाही. घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला कायद्यातून सूट आहे. तुमच्या आत्याच्या भिशीची यादी त्यात बसेल, वाचनालयाची बसणार नाही.

कलम ८ वाचा. माहिती तुमची जबाबदारी, मग ती प्रत्यक्षात कुणीही हाताळो. दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं तर वैध करार हवा. कार्यवाहांच्या खासगी फुकट लॉगिनवरून फाइल चढवणं हा कुठल्या अर्थाने संस्थेचा करार झाला, हे त्यांनीच सांगावं. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. वाचनालयाला कुणी २५० कोटी लावणार नाही, पण समितीत हा आकडा उच्चारला की खोली शांत होते, हा अनुभव.

रेवाताई, बालविभाग आहे का? १८ वर्षांखालच्यांची माहिती असेल तर पालकांच्या पडताळलेल्या संमतीचं प्रकरण वेगळं. त्या ओळी आधी बाजूला काढा.

रेवा_ठाणे
आहे. जन्मतारखेसकट. 🙈

ऱ्हाइनकाठी
आमच्या जर्मनीतल्या मंडळात हाच विषय २०१८ मध्ये झाला. त्या वर्षी २५ मेला जीडीपीआर, म्हणजे युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, लागू झाला आणि गणपतीच्या आमंत्रणांची यादी घेऊन सगळे घाबरून बसले होते. इथे बाहेरच्या सेवेला माहिती द्यायची तर तिच्याशी प्रक्रिया-करार लागतोच, त्याचं जर्मन नाव इतकं लांब आहे की उच्चारेपर्यंत मोदक गार होतात. आणि माहिती फुटली तर ७२ तासांत प्राधिकरणाला कळवायचं.

आम्ही एक फार साधी गोष्ट केली. साफसफाईच्या आधी रकाने उडवले. जन्मतारीख, व्यवसाय, गोत्र (हो, गोत्र होतं!), शेरा. बातमीपत्र पाठवायला नाव आणि ईमेल पुरतं. जे ठेवलंच नाही ते साफ करावं लागत नाही आणि फुटतही नाही.

उनाड बोका
गोत्र होतं म्हणजे बातमीपत्रातून स्थळं सुचवायचा बेत असणार.

ऱ्हाइनकाठी
बेत नव्हता, प्रत्यक्ष चालू होतं. 😄

पायथनगुरव
आता कामाचं बोलू. मी डेटाचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

रेवाताई, एआयला यादी द्यायचीच नाही, यादीचा साचा द्यायचा. रकान्यांची नावं द्या आणि तुमच्या फाइलमध्ये दिसतात त्या सगळ्या प्रकारच्या घाणीचे नमुने असलेल्या दहाबारा खोट्या ओळी स्वतः रचून द्या. एक आडनाव आधीचं, एक सौ. चिकटलेलं, एक पत्त्यामागे मोकळी जागा राहिलेली, एकात एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन दोन ईमेल कोंबलेले. सांगा, की या साच्याच्या फाइलसाठी पायथनची स्क्रिप्ट (त्या संगणकभाषेतला छोटासा प्रोग्राम) किंवा एक्सेलची सूत्रं लिहून दे. ती स्क्रिप्ट चालवायची आपल्या संगणकावर, खऱ्या फाइलवर. खरी माहिती घराबाहेर जातच नाही.

दुसरं. स्क्रिप्टला मूळ रकान्याला हात लावू द्यायचा नाही. 'सुचवलेला बदल' आणि 'कारण' असे दोन नवे रकाने करायला सांगायचं. प्रत्येक ओळीला सुरुवातीलाच क्रमांक द्यायचा. शेवटी हिशेब जुळला पाहिजे: इतक्या ओळी आत, इतक्या बाहेर, इतक्या दुबार म्हणून बाजूला. एकाही ओळीचा फरक आला तर थांबायचं.

चॅटमध्ये थेट यादी चिकटवली तर हा हिशेब हमखास चुकतो. मी खोटी नावं तयार करून ८०० ओळींची यादी एका नावाजलेल्या चॅटबॉटला चिकटवून पाहिली. सुरुवात झकास. मधेच कुठेतरी ओळी गळाल्या, आणि खाली छातीठोकपणे लिहिलेलं, की सर्व ८०० नोंदी स्वच्छ केल्या आहेत. मोजल्या तर ७४३. कुठल्या ५७ गेल्या हे त्याला विचारलं, तर त्याने ५७ नवी नावं बनवून दिली.

उनाड बोका
म्हणजे सभासद-वाढ मोहीमही त्यालाच द्या.

खवट आजोबा
स्क्रिप्ट, पायथन... रेवाताई वाचनालय चालवतात की इस्रो? आमच्या वेळी रजिस्टर होतं आणि लाल पेन होतं.

पायथनगुरव
आजोबा, लाल पेनाचाच प्रकार आहे हा, फक्त पेन मशीनच्या हातात आणि सही आपली. स्क्रिप्टची भीती वाटत असेल तर ओपनरिफाइन नावाचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडतं पण चालतं आपल्याच संगणकावर, फाइल कुठे चढवावी लागत नाही. त्यात 'क्लस्टर' नावाची सोय आहे. सारखी दिसणारी नावं गटागटाने समोर मांडतं आणि एकत्र करू का म्हणून विचारतं. त्यात एआय नाही, शुद्ध जुनी पद्धत. निम्मी घाण तिथेच जाते.

मडगावकार
त्या क्लस्टरला आमच्या गोव्याची यादी देऊन बघा. नाईक कुणी रोमनमध्ये 'के' अक्षराने लिहितो, तर कुणाच्या आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज पद्धतीने 'क्यू' अक्षराने लिहिलेला, आणि घरात दोन्ही चालतात. कामत कुठे कामोतीं, प्रभू कुठे पोरोब. हे एकच घराणं असू शकतं आणि एकमेकांना न ओळखणारी दोन माणसंही. हे गावातल्या माणसाला विचारूनच कळतं. नावावरून दुबार ठरवायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत.

सांजवेळ
मडगावकारांना अनुमोदन, आणि ईमेलवरूनही जपून ठरवा. आमच्याकडे सासूबाई, सासरे आणि नवरा तिघांची सभासदत्वं एकाच ईमेलवर आहेत, कारण ईमेल बघतो फक्त नवरा. उद्या एआयने एकच ईमेल म्हणजे एकच माणूस असं धरून दोघांना उडवलं, तर सासूबाईंचं पुस्तक बदलायला जाणाऱ्याचं काही खरं नाही.

पायथनगुरव
@सांजवेळ, लाख बोललात. पाठवण्याची यादी आणि सभासदांची यादी या दोन वेगळ्या वह्या. पाठवायच्या यादीत तो ईमेल एकदाच हवा, सभासद-यादीत तिघंही हवीत. एआयला हे सांगितलं नाही तर तो दोन्हींची खिचडी करतो.

त्याच चालीवर अजून एक. जीमेल पत्त्यातले टिंब मानत नाही, नावात टिंब असो वा नसो, पेटी एकच. त्यामुळे एआय उत्साहाने सगळ्याच पत्त्यांतले टिंब काढणारी ओळ लिहितो. बाकीच्या सेवांमध्ये टिंबाने माणूस बदलू शकतो. तो नियम फक्त जीमेलपुरता ठेवा, आणि तोही तुलनेसाठीच. पाठवताना पत्ता माणसाने दिला तसाच.

कोपऱ्यातली खुर्ची
चुकीचे डोमेन दुरुस्त करण्याबद्दल: पत्त्यातला ॲटच्या पुढचा भाग तेवढा वेगळा काढा आणि कुठलं डोमेन किती वेळा आलं याचा तक्ता करा. जीमेल इतके, रेडिफमेल इतके, याहू इतके. हा तक्ता एआयला द्यायला फारशी हरकत नाही, त्यात माणूस दिसत नाही. फक्त एकदाच आलेली डोमेनं आधी नजरेखालून घाला, काहींनी स्वतःच्या आडनावाचं किंवा दवाखान्याचं डोमेन घेतलेलं असतं.

आणि तो काय दुरुस्त म्हणतोय ते बघा! मला त्याने वायमेल हे जीमेलचं चुकलेलं रूप म्हणून सांगितलं. वायमेल हे याहूचं खरंखुरं डोमेन आहे. रॉकेटमेलही खरं. तशी 'दुरुस्ती' केली की बातमीपत्र भलत्याच माणसाच्या पेटीत.

वकीलकाका
म्हणूनच पत्ता परस्पर दुरुस्त करू नये. संमती त्या माणसाने दिलीय, तुम्ही अंदाजाने काढलेल्या पत्त्याच्या मालकाने नाही. संशयित पत्ते वेगळे काढा, पुढच्या वेळी तो सभासद पुस्तक बदलायला आला की काउंटरवर विचारा. वाचनालयाला ही सोय आहे, ती ऑनलाइन दुकानाला नसते.

खवट आजोबा
हे बरं बोललात. माणसाला विचारा. एवढ्यासाठी इतके प्रतिसाद.

नाखवा
जाता जाता, एक्सेललाही मोकळं सोडू नका. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) नुसती डबल क्लिकने उघडली की मोबाइल नंबरची वाट, पुढची शून्यं गायब, तारखांचे दिवस-महिने उलटे. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडचे जवळजवळ सोळा हजार रुग्ण आकडेवारीतून सुटले होते, कारण जुन्या एक्सएलएस फाइलला ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. आणि एक्सेल तारखा बनवतं म्हणून शास्त्रज्ञांना काही जनुकांची नावं बदलावी लागली.

उनाड बोका
जनुकांची नावं आधी बदलली, एक्सेल मात्र नंतर. याला म्हणतात सासर.

सांजवेळ
😂😂 पण धागा भरकटतोय. रेवाताई, सौ.-श्री.चं काय ठरवलं? ते एआयवर अजिबात सोडू नका. किरण, सुहास, शिरीष यांचं लिंग त्याने नावावरून ठरवायचं आणि वर 'सौ.' लावायचं? आमच्या एका मैत्रिणीला नवरा गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात एका संस्थेचं "सौ." म्हणून पत्र आलं होतं. तिने सभासदत्व सोडलं.

रेवा_ठाणे
@सांजवेळ, वाचून कसंतरी झालं. आमच्या यादीत उलटही आहे. नावापुढे "कै." लिहिलेल्या ओळी आहेत, कुणीतरी चांगल्या मनाने नोंद केली, पण ईमेल तसाच चालू. म्हणजे दर महिन्याला "कै. अमुक, आपली वर्गणी संपत आली आहे" असं जात असणार!

पायथनगुरव
हे स्क्रिप्टने दोन सेकंदांत सापडेल, पण एआयने लिहिलेली उपाधी काढायची ओळ नीट वाचा. सगळ्या उपाध्या काढ म्हटलं की तो श्री., सौ., डॉ.सोबत "कै."ही काढून टाकतो आणि माणूस पुन्हा जिवंत यादीत. आधी कै.वाल्या ओळी वेगळ्या काढायच्या, मग बाकीच्या उपाध्यांना हात लावायचा.

आणि ॲड. शोधताना दोन्ही रूपं शोधा. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायची सर्वमान्य पद्धत) 'ॲ' हे एक अक्षर आहे, आणि काही जण 'अ'वर वेगळी अर्धचंद्राची खूण देऊन तेच लिहितात. डोळ्यांना सारखं, संगणकाला वेगळं. सारखी अक्षरं एका रूपात आणणाऱ्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत, मुद्दाम बदलून घ्यावी लागतात. मराठी यादीतले दुबार न सापडण्याचं हे एक मोठं कारण.

कोपऱ्यातली खुर्ची
पंधरा वर्षांची यादी म्हणजे काही नावं जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांतलीही असतील. फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ उरते. ती एआयला वाचायला देऊ नका. मी स्वतःचंच नाव तशा फॉन्टात टाइप करून दिलं, तर त्याने तिसऱ्याच गृहस्थाचं नाव आडनावासकट छातीठोकपणे वाचून दाखवलं. या फॉन्टांचं युनिकोड करायला ठरलेल्या तक्त्यावर चालणारे परिवर्तक असतात, संगणकावर उतरवून चालवता येतात. तिथे अंदाजाला जागाच नाही.

चौकस
माघार घेतली होती, पण एक शंका. बिझनेस खातं घेऊन अख्खी फाइल दिली तर? तिथे आपल्या माहितीवर एआयचं प्रशिक्षण होत नाही म्हणतात.

ऱ्हाइनकाठी
वैयक्तिक खात्यात प्रशिक्षणाचं सेटिंग आपण बंद करावं लागतं, कंपन्यांसाठीच्या खात्यात ते बहुधा मुळातच बंद असतं आणि करारही मिळतो. म्हणजे बरं आहे. पण प्रशिक्षण ही एकच भीती नाही. मार्च २०२३ मध्ये एका बगमुळे चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या चॅटची शीर्षकं दिसली होती. शिवाय ते चॅट कार्यवाहांच्या खात्यात पडून राहणार, आणि तोच मोबाइल घरी नातू खेळायला घेणार.

पायथनगुरव
खातं कुठलंही असो, साडेसहा हजार ओळींना त्याची गरजच पडत नाही. आणि कुणी म्हणेल ईमेलचा हॅश (सूत्राने काढलेला सांकेतिक मजकूर) करून द्या, तर तो पक्का बुरखा नाही. ईमेल अंदाजाने रचता येतात, त्यांचे हॅश काढून जुळवता येतात. त्यापेक्षा साधा क्रमांक बरा, आणि कुठला क्रमांक कुणाचा ती किल्ली वाचनालयाच्या संगणकात.

डाकबाबू
उशिरा आलो. मी ईमेल पाठवण्याच्या क्षेत्रात आहे. सगळे पत्ते कसे दिसतात यावर बोलतायत, पण कुठला पत्ता मेलाय हे एआयला कळूच शकत नाही. ते पत्र पाठवल्यावर परत आलेल्या उत्तरातून कळतं. ५५० ५.१.१ असं आलं तर तो माणूस तिथे नाही, लगेच काढा. पेटी भरलीय असं आलं तर थांबा, पुन्हा प्रयत्न करा. गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती काढायला सुरुवात केली, त्यामुळे जुन्या याद्यांत असे पत्ते निघतातच.

"ज्यांनी उघडलं नाही ते काढ" असंही एआयला सांगू नका. पत्र उघडल्याची नोंद त्यातलं चित्र उतरलं की होते, आणि ॲपलचं मेल ॲप २०२१ पासून चित्रं आधीच उतरवून ठेवतं, म्हणजे न उघडणाराही उघडणारा दिसतो. उलट चित्रं बंद ठेवणारा रोज वाचत असला तरी दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: ज्यांनी "नको" म्हणून सदस्यत्व रद्द केलं त्यांची यादी पुसायची नाही. साफसफाईच्या भरात त्या ओळी कचरा म्हणून जातात, सहा महिन्यांनी कुणीतरी जुनी एक्सेल जोडतं आणि ती सगळी माणसं परत येतात. मग ती स्पॅमचं बटण दाबतात. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या आसपास पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत. एका क्लिकमध्ये रद्द करायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात. तुमची यादी त्या उंबरठ्यावरच आहे, रेवाताई. नकोवाल्यांची नुसती ईमेलची वेगळी फाइल ठेवा, आणि पाठवण्यापूर्वी शेवटची पायरी म्हणून तिच्याशी ताडून बघा.

मडगावकार
डाकबाबूंचा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

रेवा_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मांडायचं ते असं लिहिलंय: शेरा, जन्मतारीख आणि बालविभाग आधीच वेगळे काढून कुलुपात. अख्खी फाइल कुठेही चढवायची नाही. खोट्या ओळींवरून स्क्रिप्ट, ती आमच्याच संगणकावर, आणि बदल सुचवलेल्या ओळी दोघांनी बघायच्या. कै.च्या नोंदी मी स्वतः बघणार. पत्त्याबद्दल शंका असेल तर काउंटरवर विचारणा. नकोवाल्यांची फाइल स्वतंत्र. कार्यवाहांना २५० कोटींचा आकडा वकीलकाकांच्या नावाने सांगते.

एकच अडलंय. फाइलची प्रत करून सीएसव्ही उघडली तर देवनागरीच्या जागी नुसती विचित्र चिन्हं. माहिती गेली का?

नाखवा
गेली नाही. ती फाइल सेव्ह न करता बंद करा, तेवढं मात्र पाळा. मग कोरं एक्सेल उघडून डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. लगेच लोड दाबू नका, आधी ट्रान्सफॉर्ममध्ये जाऊन सगळे रकाने टेक्स्ट करा, नाहीतर मोबाइल नंबर जातील.

रेवा_ठाणे
दिसलं! पण अकराशेच्या आसपास ओळी तरीही भेळच आहेत.

कोपऱ्यातली खुर्ची
तो जुना फॉन्ट. त्या ओळी क्रमांकासकट वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि मूळ एक्सेलमध्ये त्या खान्यांचा फॉन्ट कुठला आहे ते बघून इथे लिहा. त्याप्रमाणे परिवर्तक सांगतो.